शब्दजातिनिर्णय, इंग्रजी भाषेतील
वाक्यात आलेला एखादा इंग्रजी शब्द नाम, विशेषण, क्रियापद, शब्दयोगी अव्यय इ. शब्दजातींपैकी नेमका कोणत्या जातीत मोडतो, हे ठरविण्याच्या व्याकरणातील प्रक्रियेस शब्दजातिनिर्णय असे म्हणतात. पुष्कळशा शब्दांच्या बाबतीत हा निर्णय सोपा असतो. परंतु ‘राउंड’ यासारखा शब्द ‘राउंड टेबल’ (गोल मेज) मध्ये विशेषण, ‘अ राउंड ऑफ टॉक्स’ (वाटाघाटींची फेरी) मध्ये नाम, ‘टु राउंड द कॉर्नर’ (कोपरा वळणे) मध्ये क्रियापद, ‘टर्न राउंड’ (मागे वळ) मध्ये क्रियाविशेषण आणि ‘राउंड द वर्ल्ड’ (जगाभोवती) मध्ये शब्दयोगी अव्यय ठरतो. पाचही ठिकाणी त्याचे रूप तेच राहते. यावरून शब्दजात ही सुट्या शब्दाच्या अंगी कायमची चिकटलेली नसून तिचा निर्णय वाक्यातील त्याच्या वर्तनावरून करावा लागतो, हे स्पष्ट होते. शब्दकोशातील नोंदींची मांडणी, भाषेचे अध्यापन, भाषांतर आणि संगणकाद्वारे होणारे भाषाविश्लेषण या सर्वांचा पाया या निर्णयावर अवलंबून असल्याने त्याचे महत्त्व केवळ शालेय पदपरिस्फोटापुरते मर्यादित नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : शब्दांचे जातिवार वर्गीकरण भारतात व ग्रीसमध्ये स्वतंत्रपणे झाले. यास्काच्या निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग व निपात अशी चार पदजाते सांगितली आहेत. पाणिनीने पदांचे सुबंत आणि तिङन्त असे दोनच भेद केले व अव्ययांचा अंतर्भाव सुबंतांत केला. पाणिनीची कसोटी अर्थाची नसून प्रत्ययाची, म्हणजे रूपाची आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. ग्रीक परंपरेत डायोनिशिअस थ्रॅक्स (इ. स. पू. दुसरे शतक) याच्या नावावर असलेल्या व्याकरणग्रंथात नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, शब्दयोगी अव्यय, क्रियाविशेषण व उभयान्वयी अव्यय अशा आठ जाती आढळतात. लॅटिनमध्ये उपपद नसल्यामुळे रोमन वैयाकरणांनी ते वगळले. तथापि आठ ही संख्या कायम राखण्यासाठी ग्रीकांनी क्रियाविशेषणात गणलेले केवलप्रयोगी अव्यय स्वतंत्र केले. डोनेटस (चौथे शतक) व प्रिशिअन (सु. ५००) यांच्या ग्रंथांद्वारे हीच आठांची परंपरा मध्ययुगीन यूरोपात रूढ झाली.

इंग्रजीचे पहिले व्याकरण विल्यम बुलोकर याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केले. तेही लॅटिन व्याकरणाच्या साच्यावर बेतलेले होते. नाटककार बेन जॉन्सन याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या (१६४०) व्याकरणात उपपदाची नववी जात मानण्यात आली. विशेषणास नामाचाच एक प्रकार मानण्याची जुनी पद्धत अठराव्या शतकापर्यंत पुष्कळ ठिकाणी चालू होती. लिंडली मरी याच्या १७९५ मधील व्याकरणात विशेषण व उपपद यांसह नऊ जाती आढळतात. हे पुस्तक इंग्लंड-अमेरिकेतील शाळांत अनेक दशके प्रचलित होते. थोडक्यात, आठ किंवा नऊ ही संख्या इंग्रजीच्या स्वतंत्र निरीक्षणातून निघालेली नसून तिला परंपरेचा वारसा आहे. ज्या भाषेत शब्दाची जात बहुधा प्रत्ययांवरून कळते, त्या भाषेसाठी केलेली चौकट प्रत्यय जवळजवळ गळून पडलेल्या भाषेवर बसविल्यामुळे निर्णयाच्या अडचणी उद्‌भवल्या.

अडचणीचे मूळ : प्राचीन इंग्रजीत नाम, विशेषण व क्रियापद यांना वेगवेगळे प्रत्यय लागत. ‘प्रेम’ या अर्थाचे नाम ‘लुफु’ व ‘प्रेम करणे’ या अर्थाचे क्रियापद ‘लुफिअन’ अशी भिन्न रूपे होती. अंत्य स्वर क्षीण होऊन मध्ययुगीन इंग्रजीत हे प्रत्यय झिजले आणि दोहोंचे मिळून ‘लव्ह’ हे एकच रूप उरले. विशेषणाला अंत्य ‘-ए’ लावून क्रियाविशेषण साधण्याची रीतही अशीच लोपली. ‘फास्ट’ व ‘हार्ड’ हे शब्द आज एकाच रूपात विशेषण आणि क्रियाविशेषण अशा दोन्ही जातींत आढळतात, याचे कारण हा लुप्त झालेला स्वर होय. ‘-लि’ हा प्रत्यय त्यांना लागायचा राहून गेला, असे समजणे चुकीचे आहे. रूपांतील हा भेद नाहीसा झाल्यानंतर कोणताही प्रत्यय न लावता एका जातीतील शब्द दुसऱ्या जातीत वापरण्याची प्रवृत्ती बळावली. या प्रक्रियेस शब्दजातिपरिवर्तन असे म्हणतात. ‘वॉटर’ (पाणी, पाणी घालणे), ‘हॅमर’ (हातोडा, हातोड्याने ठोकणे), ‘एम्प्टी’ (रिकामा, रिकामा करणे) ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

निर्णयाच्या कसोट्या : शब्दजात ठरविण्याच्या कसोट्या स्थूलमानाने तीन आहेत : अर्थ, रूप आणि वाक्यातील स्थान.

अर्थाची कसोटी सर्वांत जुनी व परिचित आहे. पदार्थाचे नाव ते नाम, क्रिया दाखविणारा शब्द तो क्रियापद, गुण दाखविणारे ते विशेषण, अशा व्याख्या या कसोटीवर आधारलेल्या आहेत. आरंभीच्या शिक्षणात त्या उपयोगी पडतात. परंतु अवघड शब्दांपुढे त्या टिकत नाहीत. ‘अराइव्हल’ (आगमन) व ‘डिस्ट्रक्शन’ (विनाश) हे शब्द क्रियाच दर्शवितात, तरी ते नाम आहेत. ‘रिझेंबल’ (सारखे असणे) व ‘कंटेन’ (सामावणे) या शब्दांत कोणतीही क्रिया घडत नाही, तरी ती क्रियापदे आहेत.

रूपाच्या कसोटीत शब्दाला कोणते प्रत्यय लागतात हे पाहिले जाते. अनेकवचनाचा व षष्ठीचा प्रत्यय घेणारे ते नाम, भूतकाळाचा व ‘-इंग’ हा प्रत्यय घेणारे ते क्रियापद, ‘-अर’, ‘-एस्ट’ हे तरतमभावाचे प्रत्यय घेणारे ते बहुधा विशेषण. ही कसोटी निश्चित स्वरूपाची असली, तरी तिचा आवाका मर्यादित आहे. ‘मस्ट’, ‘ऑफ’, ‘दो’ यांसारख्या शब्दांना प्रत्ययच लागत नाहीत, आणि ‘ब्यूटिफुल’ सारख्या विशेषणालाही ‘-अर’ लागत नाही.

स्थानाची अथवा वितरणाची कसोटी म्हणजे वाक्याच्या चौकटीत शब्द कोणत्या जागी बसू शकतो, त्याच्या आधी व नंतर काय येऊ शकते, याची पाहणी. विसाव्या शतकात लेनर्ड ब्लूमफील्ड (१८८७–१९४९) आणि त्यांच्या प्रभावाखालील अमेरिकन संरचनावादी अभ्यासकांनी या कसोटीवर विशेष भर दिला. चार्ल्स कार्पेंटर फ्रीझ (१८८७–१९६७) यांनी द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश (१९५२) या ग्रंथात सु. ५० तासांच्या ध्वनिमुद्रित दूरध्वनी संभाषणांच्या आधारे परंपरागत नावे बाजूला ठेवून शब्दांचे चार प्रमुख वर्ग व कार्यदर्शक शब्दांचे पंधरा गट पाडले. चाचणी-वाक्यातील रिकाम्या जागी जे शब्द बसतात ते एका वर्गाचे, ही त्यांची पद्धती होती. शब्दाचा अर्थ मुळीच माहीत नसतानाही त्याची जात ओळखता येते, हे लुइस कॅरल याच्या ‘जॅबरवॉकी’ या निरर्थक शब्दांनी भरलेल्या कवितेवरून दिसून येते. त्या शब्दांना अर्थ नसला, तरी त्यांची जात वाचकाला त्यांचे स्थान व प्रत्यय यांवरून कळते.

व्यवहारात या तिन्ही कसोट्या एकत्र वापराव्या लागतात. जेथे त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, तेथे अर्थापेक्षा रूप व स्थान यांना अधिक प्रमाण मानण्याकडे आधुनिक व्याकरणाचा कल आहे.

नाम व विशेषण यांची सीमा : ‘स्टोन वॉल’ (दगडी भिंत) या शब्दबंधातील ‘स्टोन’ भिंतीचे वर्णन करतो, म्हणून तो विशेषण आहे, असे वरवर पाहता वाटते. परंतु ‘व्हेरी स्टोन वॉल’ असे म्हणता येत नाही. त्याला तरतमभाव नाही. ‘द वॉल सीम्स स्टोन’ अशी रचना स्वाभाविक नाही. उलट ‘ओल्ड रेड ब्रिक वॉल’ सारख्या शब्दबंधात असा शब्द खऱ्या विशेषणांनंतर, मुख्य नामाच्या लगत येतो. यावरून ‘स्टोन’ हे नामच असून ते विशेषणाचे कार्य करीत आहे, असे ठरते. शब्दाची जात आणि त्याचे वाक्यातील कार्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या ठिकाणी ध्यानात ठेवले पाहिजे. शालेय व्याकरणातील अनेक वाद या दोहोंची गल्लत केल्यामुळे निर्माण होतात.

‘द पुअर’ (गरीब लोक) यातील ‘पुअर’ चे उदाहरण याच्या उलट आहे. तो नामाच्या जागी येतो. पण त्याला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही आणि ‘द व्हेरी पुअर’ असे म्हणता येते. म्हणून तो नामाच्या जागी आलेले विशेषणच होय. सीमा ओलांडणारे शब्दही आहेत. ‘की’ हा शब्द मुळात ‘किल्ली’ या अर्थाचे नाम. ‘अ की इश्यू’ (कळीचा प्रश्न) या शब्दबंधात तो नाम म्हणूनच उभा होता. परंतु आता ‘दॅट इश्यू इज की’ अशी रचना रूढ झाल्याने त्याला विशेषणाची जात प्राप्त झाली आहे. ‘फन’ (गंमत) या नामाचा विशेषण म्हणून होणारा वापरही वाढला असून ‘व्हेरी फन’ यासारख्या रचना काहींना ग्राह्य, तर काहींना अशिष्ट वाटतात.

‘-इंग’ प्रत्ययान्त शब्द : ‘द केअरफुल रिपेअरिंग ऑफ द ब्रिज’ (पुलाची काळजीपूर्वक दुरुस्ती) यात ‘रिपेअरिंग’ च्या आधी उपपद व विशेषण आले असून कर्म ‘ऑफ’ या अव्ययाने जोडले आहे. म्हणून ते नाम. ‘केअरफुली रिपेअरिंग द ब्रिज’ यात त्याच शब्दाबरोबर क्रियाविशेषण आले आहे आणि कर्म थेट जोडले आहे. म्हणून ते क्रियापद. नामाचे कार्य करतो तो संपूर्ण वाक्यांश. ‘इंटरेस्टिंग’ हे ‘व्हेरी’ घेत असल्यामुळे पूर्ण विशेषण होय. ‘अ स्लीपिंग चाइल्ड’ (झोपलेले मूल) मधील ‘स्लीपिंग’ मात्र ‘व्हेरी’ घेत नाही. ते धातुसाधित होय. ‘स्लीपिंग बॅग’ मध्ये पिशवी झोपत नाही. झोपण्यासाठी असलेली पिशवी असा अर्थ असून उच्चारात आघातही पहिल्या शब्दावर पडतो. म्हणून तेथे तो सामासिक शब्दातील नामरूप घटक आहे. ‘द डोअर वॉज क्लोज्ड’ हे वाक्य तर द्व्यर्थी आहे. पुढे ‘बाय द वॉचमन’ (पहारेकऱ्याकडून) असे शब्द आल्यास ‘क्लोज्ड’ हे कर्मणी क्रियापदाचे रूप ठरते, आणि दाराची केवळ अवस्था सांगावयाची असल्यास विशेषण ठरते.

अव्ययांची सीमा : ‘शी रॅन अप अ हिल’ (ती टेकडीवर धावत गेली) आणि ‘शी रॅन अप अ बिल’ (तिने बिल वाढवून ठेवले) ही दोन वाक्ये वरून सारखी दिसतात. परंतु दुसऱ्यात ‘शी रॅन अ बिल अप’ असा क्रमबदल चालतो, पहिल्यात चालत नाही. सर्वनाम योजल्यास पहिल्यात ते ‘अप’ नंतर, तर दुसऱ्यात ‘अप’ च्या आधी येते. म्हणून पहिल्यातील ‘अप’ नामाशी संबद्ध असलेले शब्दयोगी अव्यय आहे, तर दुसऱ्यातील ‘अप’ क्रियापदाशी निगडित अशी शब्दकणिका आहे.

‘बिफोर’ या शब्दाला परंपरेने तीन जातींत विभागले जाते : ‘बिफोर लंच’ मध्ये शब्दयोगी, ‘बिफोर ही केम’ मध्ये उभयान्वयी आणि ‘आय हॅव सीन हिम बिफोर’ मध्ये क्रियाविशेषण. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी द फिलॉसफी ऑफ ग्रामर (१९२४) मध्ये या विभागणीवर मूलगामी आक्षेप घेतला. एखादे क्रियापद नाम-कर्मासह, वाक्य-कर्मासह किंवा कर्माशिवाय येऊ शकते. तेवढ्यावरून कोणी त्याच्या तीन जाती मानीत नाही. मग ‘बिफोर’ च्याच का मानाव्यात, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. त्यांनी क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी या चौघांना एकाच अव्ययवर्गात घातले. हा विचार पुढे जनक व्याकरणाच्या अभ्यासकांनी विकसित केला आणि रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांच्या द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज (२००२) या बृहद्‌ग्रंथात ‘बिफोर’ सर्वत्र शब्दयोगी अव्यय मानला गेला आहे. उलट रँडॉल्फ क्वर्क व त्यांचे सहकारी यांच्या १९८५ मधील तितक्याच मान्यताप्राप्त व्याकरणात परंपरागत विभागणी बव्हंशी कायम ठेवून जातींच्या सीमा क्रमशः एकमेकींत मिसळतात, हे तत्त्व स्वीकारलेले आहे. तेव्हा एकाच शब्दाविषयी दोन प्रमाणग्रंथांत भिन्न उत्तरे आढळली, तर त्यांतील एक चुकीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. वर्गीकरणाचे निकष भिन्न आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

‘दॅट’ हा शब्द या संदर्भात प्रसिद्ध आहे. ‘त्या मुलाने लिहिलेला तो “दॅट” चुकीचा आहे असे तो म्हणाला’ या आशयाचे इंग्रजी वाक्य रचल्यास ‘दॅट’ पाच वेळा लागोपाठ येऊ शकतो : पहिला उभयान्वयी, दुसरा निर्धारक, तिसरा शब्दाचे नाव म्हणून योजलेले नाम, चौथा संबंधदर्शक आणि पाचवा पुन्हा निर्धारक. निर्धारक ही जात परंपरागत यादीत नाही. ‘धिस’, ‘दॅट’, ‘एव्हरी’, ‘माय’ यांसारखे शब्द विशेषणांप्रमाणे नामापूर्वी येत असले, तरी एका नामापूर्वी असा सामान्यतः एकच शब्द येतो आणि त्यांना तरतमभाव नसतो, या कारणांनी त्यांना विसाव्या शतकात विशेषणांपासून वेगळे करण्यात आले. ‘टु गो’ यातील ‘टु’ कोणत्या जातीचा, याविषयी मात्र अद्याप एकमत नाही.

संगणकीय शब्दजातिनिर्देशन : ब्राउन विद्यापीठात हेन्री कुचेरा व नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६१ मध्ये छापलेल्या अमेरिकन मजकुरातून सु. दहा लाख शब्दांचा भाषासंग्रह तयार केला व तो १९६४ मध्ये उपलब्ध झाला. त्यातील प्रत्येक शब्दाला जात नेमून देणाऱ्या ग्रीन व रुबिन यांच्या संगणकप्रणालीला (१९७१) सु. ७७ टक्के यश मिळाले. उरलेले काम माणसांना करावे लागले. पुढे शेजारच्या शब्दांच्या संभाव्यतेवर आधारलेल्या पद्धतींनी हे प्रमाण बरेच वाढविले आणि आजच्या प्रणाली प्रमाण लिखित इंग्रजीत ९७ टक्क्यांच्या आसपास पोहोचतात. हा आकडा शब्दांचा आहे, वाक्यांचा नव्हे. वीस शब्दांच्या वाक्यात प्रत्येक शब्द ९७ टक्के अचूक असेल, तर संपूर्ण वाक्य निर्दोष असण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच अधिक उरते. उरणाऱ्या चुका बहुधा वर वर्णिलेल्या सीमेवरच्या शब्दांच्याच असतात. पेन विद्यापीठाच्या भाषासंग्रहात (१९९३) शब्दयोगी व गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यये यांना एकच खूण दिली असून ‘टु’ ला मात्र स्वतंत्र खूण देऊन त्याच्या जातीचा वाद टाळला आहे. अनेक भाषांसाठी समान म्हणून योजलेल्या अलीकडील ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या पद्धतीत सतरा जाती मानल्या आहेत.

मराठी भाषकांच्या दृष्टीने : दादोबा पांडुरंग (१८१४–८२) यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मराठी व्याकरणाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या आदर्शावर होत गेली आणि आठ शब्दजाती मराठीतही रूढ झाल्या. या वर्गीकरणाची सविस्तर चर्चा मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या ग्रंथात आढळते. दोन्ही भाषांतील जातींची नावे अशी समान असल्यामुळे इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ पाहून त्याची जात ठरविण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. ‘अफ्रेड’ चा अर्थ मराठीत ‘भिणे’ या क्रियापदाने सांगितला जातो, पण इंग्रजीत ते विशेषण आहे. ‘टू यिअर्स अगो’ यातील ‘अगो’ मराठीतील ‘दोन वर्षांपूर्वी’ मधील ‘पूर्वी’ प्रमाणे वाटतो. तथापि इंग्रजी कोशांत तो सामान्यतः क्रियाविशेषण म्हणून नोंदलेला आढळतो. हडलस्टन व पुलम यांनी मात्र त्यास नामानंतर येणारे शब्दयोगी अव्यय मानले आहे, म्हणजे येथे आधुनिक मत मराठी भाषकाच्या स्वाभाविक जाणिवेशी जुळते.

तुलनेने मराठीत हा निर्णय काहीसा सुकर आहे. ‘तो बाहेर गेला’ यात ‘बाहेर’ क्रियाविशेषण व ‘तो घराबाहेर गेला’ यात शब्दयोगी. कारण दुसऱ्या वाक्यात ‘घर’ या नामाचे सामान्यरूप झाले आहे. ‘बिफोर ही केम’ याचे मराठी रूप ‘तो येण्यापूर्वी’ असे होते. येथे क्रियापदाचेच धातुसाधित नाम होऊन त्यालाही सामान्यरूप प्राप्त होते. त्यामुळे ‘पूर्वी’ ला उभयान्वयी मानण्याचा प्रसंगच येत नाही. मराठीत सामान्यरूप ही खूण ज्या शंकेचे निरसन करते, ती शंका इंग्रजीत शब्दक्रम व चाचणी-वाक्ये यांच्या आधारे सोडवावी लागते.

सारांश, अवघड शब्दाची जात ठरविताना प्रथम त्याला कोणते प्रत्यय लागू शकतात ते पाहावे. नंतर त्याच्या आधी व नंतर कोणते शब्द चालतात ते तपासावे. त्याच्या जागी निःसंदिग्ध जातीचा शब्द ठेवून वाक्य टिकते का ते पाहावे. आणि शब्दाचे कार्य व त्याची जात यांची गल्लत होऊ देऊ नये. एवढे केल्यावरही निर्णय होत नसेल, तर तो शब्द दोन जातींच्या सीमेवर आहे, असे नमूद करणे हे त्यास बळेच एखाद्या जातीत बसविण्यापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होय.